घर आपले, कागद कोणाचा?
(सातारा-सांगली भागातील घरांच्या मालकीहक्काचा एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर 'जाहीर नोटीस' या मथळ्याची बारीक अक्षरांतील एक चौकट असते. आपण ती पाहतो आणि न वाचताच पान उलटतो. अमुक गावची अमुक मिळकत आमच्या अशिलांनी खरेदी करण्याचे ठरविले आहे; तीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, कूळ, पोटगी, ताबा वा अन्य हक्क असल्यास त्याने मुदतीत पुराव्यानिशी कळवावे, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. एकाच घरावर किती तऱ्हेचे हक्क असू शकतात, याची ती छोटीशी यादीच म्हणावयास हरकत नाही. पण तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो. विकणारा जर मालक आहे, त्याच्या हाती उतारा आहे, घरपट्टीची पावती आहे, तर खरेदी करणाऱ्याला सगळ्या जगाला हाळी का द्यावी लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तो आपल्याच दोन जिल्ह्यांच्या अनुषंगाने.

सारा आणि मालकी

मराठेशाहीत वतनाचा किंवा घरजागेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो गोतसभेपुढे जाई. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारचे वतनदार एकत्र बसत, साक्षी होत आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगराची असे. त्या काळी मालकीचा पुरावा म्हणजे मुख्यतः गावाची साक्ष होती.

इंग्रजी अमलात ही दृष्टी बदलली. दख्खनमधील जमिनीची पद्धतशीर मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि पुढे ही मोजणी आपल्याही भागात आली. तिचा मुख्य हेतू होता शेतसाऱ्याची आकारणी. शेत किती, कसदार किती, सारा कोण भरणार, हे सरकारला हवे होते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यातून आजच्या सातबाऱ्याची वाट तयार झाली. परंतु गावठाणातील घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून त्यांचा सातबाराही नव्हता. सरकारने ज्यावर सारा घेतला त्याचाच बारकाईने हिशेब ठेवला. आपल्या शेताचा कागद सापडतो, पण ज्या घरात आपण जन्मलो त्याचा सापडत नाही, याचे मूळ येथे आहे.

आपल्या भागात आणखी एक गुंतागुंत आहे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे दोन शेजारच्या गावांचे जुने दप्तर दोन वेगळ्या राज्यकारभारांतून आलेले असू शकते. त्यातील बरेच कागद मोडीत आहेत. घरातील पेटीत असा कागद जपून ठेवलेला असतो. पण तो खरेदीखत आहे, गहाणखत आहे की नुसती सावकाराची पावती, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

चार कचेऱ्या, चार कागद

मालकी तपासावयाची म्हणजे कोणत्या कागदाला काय विचारावयाचे, हे आधी ठरवावे लागते. आपल्याकडे ही माहिती निरनिराळ्या चार ठिकाणी विखुरलेली आहे.

पहिली कचेरी तलाठ्याची. (२०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे.) येथे गाव नमुना सात व बारा, खात्याचा आठ-अ आणि फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा हे अभिलेख मिळतात. दुसरी नगर भूमापन कचेरी; शहरात आणि जेथे गावठाणाची मोजणी झाली आहे तेथे मिळकत पत्रिका येथून मिळते. साताऱ्याच्या पेठांतील घर घेताना हीच पाहावी लागते. तिसरी दुय्यम निबंधकाची कचेरी; खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे येथे नोंदविली जातात आणि त्यांचा गोषवारा 'सूची दोन' मध्ये उतरतो. चौथी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. येथे घरपट्टीच्या आकारणीची नोंद असते. ग्रामपंचायतीच्या या उताऱ्याला आपण 'नमुना आठ' म्हणतो.

सर्वांत मोठा गैरसमज या चौथ्या कागदाविषयी आहे. नमुना आठवर नाव आहे म्हणजे घर त्याचे, असे गावोगाव समजले जाते. वास्तविक ती कराची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची एवढेच ती सांगते. सातबाऱ्याचे स्थान याहून वरचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी जन्माला येत नाही आणि मरतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

मग मालकी कशाने मिळते? विक्रीच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट आहे. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. इसार पावतीने तर नाहीच. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून घर 'विकण्याची' जी पद्धत रूढ झाली होती, तिने मालकी जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सुरज लँप प्रकरणात दिला.

मात्र नोंदणी झाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. निबंधक कागद नोंदवितो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका नोंदणी नियमासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. ज्याच्याजवळ जेवढा हक्क आहे तेवढाच तो दुसऱ्याला देऊ शकतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांच्या प्रयत्नाने वेगळी पद्धत सुरू झाली. तेथे सरकारी नोंदवहीतील नाव हीच मालकी आणि तिची हमी सरकारची. आपल्याकडे सरकार नोंद ठेवते, हमी देत नाही. म्हणून तर खरेदीदाराला वर्तमानपत्रातून हाळी द्यावी लागते.

साताऱ्याकडचा प्रश्न : न लिहिलेले वारस

पाटण, जावळी, माण, खटाव या भागांतून कित्येक पिढ्या माणसे मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी माथाडी कामात, कोणी गोदीत. गावचे घर मात्र राहिले. एक भाऊ गावी थांबला. तोच घरपट्टी भरतो, कौले फिरवतो, पडवी सारवून घेतो. कागदावर मात्र आजोबांचेच नाव, किंवा त्याच्या एकट्याचे. शेताच्या सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. थोरल्याचे नाव कुटुंबाच्या वतीने लागलेले असते आणि धाकट्यांची नावे कोठेच नसतात. दोन पिढ्या गेल्या म्हणजे थोरल्याची मुले त्या नावाला बापाची खासगी मालकी समजू लागतात.

हिशेबासाठी एक उदाहरण कल्पू या. समजा, एका गृहस्थाने स्वकष्टाने घर बांधले आणि १९७० मध्ये तो मृत्युपत्र न करता वारला. पत्नी आधीच वारलेली होती. मागे तीन मुलगे आणि दोन मुली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पाचही जणांना प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा मिळाला. पुढे एक मुलगा वारला. त्याच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. त्याच्या पंचमांशाचे चार भाग, म्हणजे प्रत्येकी एक विसांश. एक मुलगीही वारली; तिच्या मागे पती आणि तीन मुले. तेथेही प्रत्येकी एक विसांश. आज या घराचे हिस्सेदार ११ आहेत. नमुना आठवर नाव मात्र गावी राहणाऱ्या एकाचेच. त्याने साऱ्या घराचे नोंदणीकृत खरेदीखत करून दिले, तरी घेणाऱ्याला मिळतो तो पाचवा हिस्सा! एवढेच नव्हे, तर कुटुंबाबाहेरच्या माणसाने एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतला तर त्याला घरात शिरून सहवास करता येत नाही; वाटपाचा दावा लावावा लागतो.

'बारा वर्षे आम्हीच राहतो, घर आमचे झाले,' असे पुष्कळदा ऐकू येते. परक्याविरुद्ध या बारा वर्षांना अर्थ आहे. भावाभावांत तसे नाही. एका हिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्याचे सिद्ध झाल्याखेरीज मुदत धावू लागत नाही. मुंबईत गेलेल्याचा हक्क तो मुंबईत गेला म्हणून बुडत नाही.

आता लेकींविषयी. १९५६ च्या कायद्यात कलम २३ होते. राहत्या घराची वाटणी मुलगे करावयास तयार होईपर्यंत मुलीला ती मागता येत नसे, आणि घरात राहण्याचा हक्कही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तरच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केले. २००५ च्या दुरुस्तीने कलम २३ रद्दच झाले. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री व नोंदणीकृत वाटण्या मात्र कायद्याने अबाधित ठेवल्या आहेत.

कायदा येथवर आला. रिवाज मागेच आहे. साडीचोळी करून बहिणीचा हक्क 'सोडवून' घेण्याची रीत आजही आहे. बहिणीने खुशीने हक्क सोडला तर तक्रार नाही. पण तलाठ्यापुढील जबाबाने किंवा साध्या कागदावरच्या सहीने हक्कसोड होत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. आणि बहिणीचे नाव मुळातच वारसात लिहिले नाही, तर तिने सोडावयाचे तरी काय? घर विकण्याची वेळ आली म्हणजे खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न विचारतो, 'मुली किती?' जी नावे घरातल्यांनी लिहिली नाहीत, तीच नावे शेवटी व्यवहार अडवितात.

वारसांत अज्ञान मूल असेल तर काळजी अधिक. त्याच्या स्वतःच्या हिश्शाची विक्री पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून केली असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते मूल ती विक्री रद्द करून मागू शकते.

सांगलीचा प्रश्न : गुंठ्यांचा

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका झाली. तत्पूर्वीच बाजारपेठ, कारखाने आणि औद्योगिक वसाहत यांच्या ओढीने येथे माणसे येत होती. हमाल, कामगार, छोटे नोकरदार यांना मंजूर आराखड्यातील भूखंड परवडेना. शहरालगतच्या शेतकऱ्याने शेत पाडून गुंठा-दोन गुंठे विकावयास सुरुवात केली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. एका कुटुंबाच्या छपरापुरती जागा!

पण १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने शेतजमिनीचा ठराविक प्रमाणापेक्षा लहान तुकडा विकता येत नव्हता. नोंदणी होईना, म्हणून स्टँपपेपरावर नोटरी झाली. कोठे दहाजणांनी मिळून मोठा तुकडा घेतला. सातबाऱ्यावर दहा नावे, पण कोणाचा कोपरा कोणता याचा उल्लेख नाही. पैसे पुरे दिले, घर बांधले, वीज आली, घरपट्टी लागली. जमिनीच्या कागदावर मात्र शेतकऱ्याचेच नाव राहिले. त्याच्या पश्चात त्याची मुले तेथे वारस म्हणून लागली. तीच जमीन त्यांनी पुन्हा दुसऱ्याला लिहून दिली किंवा तिच्यावर कर्ज काढले, तर नोटरीच्या कागदावर घर बांधलेल्याने काय करावे?

या वसाहतींसाठी शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम केला. आरंभी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वसाहतींपुरता असलेला हा कायदा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना लागू झाला. तुकडेबंदीच्या कायद्यातही २०१७ पासून वारंवार सवलती देण्यात आल्या. म्हणून व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम चालू आहे, हे तहसील कचेरीत विचारूनच पुढे जावे. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नियमितीकरणाने भूखंड व बांधकाम नगररचनेच्या दृष्टीने मान्य होते. मूळ मालकाच्या वारसांशी असलेला वाद त्याने आपोआप मिटत नाही. तसेच नदीकाठच्या सखल भागात पूररेषेचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीकरांना सांगावयास नकोत.

गरिबाने फसवणूक केली नाही, चोरी केली नाही. कष्टाचा पैसा देऊन जागा घेतली. तरीही त्या घरावर बँक गहाण घेण्यास कचरते, कारण गहाण ठेवण्याजोगा हक्कच कागदावर नाही. उद्या विकावयाचे म्हटले तर पडेल भावाने, पुन्हा तशाच कागदावर. एका कमकुवत कागदातून दुसरा कमकुवत कागद निघतो.

'इतर हक्क' या रकान्याचे महत्त्व

सातबारा पाहताना आपण नाव आणि क्षेत्र पाहतो. खरी गोष्ट पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात असते. विकास सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, पुनर्वसनासाठी राखीव असल्याची नोंद, नवीन अविभाज्य शर्त, हे सारे तेथे असते. भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन, हेही पाहावे. सातारा ही छत्रपतींची राजधानी; इनामे आणि वतने या भागात भरपूर. १९५० नंतरच्या कायद्यांनी वतने रद्द झाली आणि अनेक जमिनी शर्तीवर परत दिल्या गेल्या. कोयना व इतर धरणांच्या विस्थापितांना मिळालेल्या जमिनींनाही शर्ती असतात. देवस्थान इनामाचा प्रश्न तर आणखी निराळा. अशा जमिनीवर वसलेले घर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकले तर शर्तभंग होतो. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीचेही निर्बंध स्वतंत्र आहेत.

बोजा फेडला तरी नोंद तशीच राहणे, ही विकणाऱ्याची नित्याची अडचण. सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागतो, हे कोणी सांगत नाही. आणि गिऱ्हाईक दारात उभे असताना धावपळ सुरू होते.

तीस वर्षांचा शोध

वकील सामान्यतः तीस वर्षांचे कागद तपासतात. त्यामागे कारण आहे. गहाण सोडविण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे. जुन्या 'मुदत खरेदी'च्या कागदांत विक्री कोणती आणि गहाण कोणते, हा वाद पुष्कळदा निघतो.

शोधाचा क्रम थोडक्यात असा सांगता येईल. विकणाऱ्याकडे मिळकत कशी आली त्याचे मूळ खत पाहावे. त्यामागचे खत, त्याच्याही मागचे, अशी साखळी जुळवावी. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक काढून ती नोंद वाचावी. जुन्या सातबाऱ्यावर कंसात टाकलेले नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले, ते शोधावे. सूची दोनचा शोध घ्यावा. वंशावळ लिहून काढावी, लेकींसह. जागेवर जाऊन चतुःसीमा खतातील वर्णनाशी पडताळाव्यात आणि प्रत्यक्ष कोण राहते ते पाहावे. दिवाणी दावा चालू आहे काय, याची चौकशी करावी. कारण दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. बिनशेती आदेश आणि बांधकाम परवाना पाहावा. शेवटी जाहीर नोटीस द्यावी. नोटीस हा शेवटचा उपाय आहे. आधीचे सर्व टाळून नुसती नोटीस दिल्याने हक्क शुद्ध होत नाही.

विकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. हक्कातील जो दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीने कळण्याजोगा नाही, तो सांगणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे घर बहुधा हौसेने विकले जात नाही. आजारपण, लग्न, कर्ज यांसाठी विकले जाते. अशा वेळी वारसांच्या सह्या गोळा करण्यास सवड नसते. म्हणून वारस नोंद मृत्यूनंतर लगेच करावी, विक्रीच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

आज निकडीची गोष्ट

गावठाणांना कागद देण्याचे काम आता सुरू झाले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे महाराष्ट्रात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' ही योजना देशभरासाठी जाहीर झाली. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. दीडशे वर्षांची उणीव त्यामुळे भरून निघेल, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ड्रोनला भिंती दिसतात, वारस दिसत नाहीत. चौकशीच्या वेळी जो गावात हजर असतो आणि ज्याचे नाव नमुना आठवर असते, त्याचेच नाव पुढे येण्याचा संभव अधिक. मुंबईचा भाऊ आणि सासरी गेलेली बहीण त्या दिवशी चावडीवर नसतात. करासाठी लिहिलेले एकट्याचे नाव अशा रीतीने मिळकत पत्रिकेवर जाऊन बसेल, आणि पुढील पिढीचे तंटे आजच पेरले जातील.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात महाविद्यालयात आलेले आपणच पहिले आहोत. वाडवडिलांनी कागद जपला, पण तो वाचून दाखविण्यासाठी त्यांना नेहमी दुसऱ्याच्या दारी जावे लागले. वाचणारा जे सांगेल त्यावर अंगठा उठे. आता वाचणारा घरातच आहे. या सुटीत पेटी उघडून घरातील कागद तारखेप्रमाणे लावावेत, उताऱ्यावरील नावे आणि वंशावळीतील नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत. ज्या आत्याचे, ज्या चुलत्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्यांना पत्र टाकावे किंवा फोन करावा. घरात थोडी नाराजी होईल. परंतु ती दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती चढावी लागू नये, याची तजवीज आजच्या वारस नोंदीतच असते.